पट्टा

चौदा वर्षं मी एका रसायन कारखान्यात फायरमन होतो. तिथे घंटा झाली की पळायचं, बाकी विचार नंतर. रेसिंग ट्रॅकवर फायर क्रू पुरवायचं काम सुरू केलं तेव्हा सगळ्यात अवघड गेलं ते पोरांना न पळायला शिकवणं. पोरंही माझ्यासारखीच, भोसरी-चाकणच्या कारखान्यांतून आलेली. धूर दिसला की त्यांचे पाय आपोआप सुटतात.

ही गोष्ट दक्षिणेतल्या एका ट्रॅकवरची. कुठला ते राहू दे. आयोजकांनी आदल्या आठवड्यात माझी १८ माणसं छाटून १४ केली होती. "मागच्या वर्षी काहीच पेटलं नाही ना?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता वादही घालत नाही, फक्त लेखी घेतो. चार माणसं कमी म्हणजे दोन पोस्ट कमी. त्यामुळे सरळ पट्टा संपून वळण लागतं तिथे आम्ही ट्रॅकच्या एकाच बाजूला होतो. पलीकडे फक्त टायरची भिंत. एरवी मी कंट्रोलजवळ असतो. त्या दिवशी त्या वळणावर जाऊन उभा राहिलो.

दुपारची सलून, म्हणजे रस्त्यावरच्यासारख्या बंद गाड्यांची रेस. फायरप्रूफ सुटात घाम थेट बुटात उतरत होता. चौथ्या लॅपला वळणावर ब्रेक मारताना एका गाडीला मागून दणका बसला, ती फिरली आणि पलीकडच्या टायरच्या भिंतीत नाकाने घुसली. आधी नुसती वाफ. मग बॉनेटच्या कडेने नारिंगी जीभ बाहेर आली. इंधनाची नळी गेली होती.

माझ्या शेजारच्या पोराने सहा किलोचं सिलिंडर उचललं आणि एक पाय गार्डरेलवर टाकला. मी मागून त्याचा पट्टा धरला.

"दादा, सोडा! आत माणूस आहे!"

"थांब."

रेस थांबवायचा लाल झेंडा लागला होता, पण मागच्या तीन गाड्या तो दिसायच्या आतच सरळ पट्ट्यावर शिरल्या होत्या. ताशी १६० म्हणजे सेकंदाला ४४ मीटर. पहिली गेली. दुसरी गेली. स्टँडवरून लोक ओरडत होते. मला तमिळ येत नाही, पण शिव्या कुठल्याही भाषेत कळतात. पोरगं ओढत होतं, पट्ट्याचं बक्कल माझ्या बोटांत रुतत होतं. तिसरी गाडी भरकटत, धुरातून आमच्या अगदी समोरून गेली. मगच रेडिओवर 'गो' आलं. रेकॉर्डिंगवरून नंतर मोजलं, अकरा सेकंद. रेसरचा सूट थेट ज्वाळेत साधारण तेवढाच वेळ तग धरतो. आग अजून इंजिनाच्या खणात होती, ती मधल्या पत्र्याने अडवली होती, हे आमचं नशीब.

पुढचं काम सरावाचं. वारा पाठीवर घेऊन तिरकं जायचं. काचेच्या खाली निळ्या त्रिकोणात वीज काढलेली असते, त्याशेजारची कडी ओढली की गाडीचा वीजपुरवठा तुटतो. ती मी ओढली. पोराने आगीच्या मुळावर पावडर मारली, दुसरा फोम घेऊन मागे. पावडर आग मारते पण लोखंड थंड करत नाही, म्हणून दोघं लागतातच. ड्रायव्हरच्या बाजूचं दार दबलं होतं. खिडकीची जाळी कापली, ड्रायव्हरने स्वतःच सीटबेल्टचं बक्कल सोडलं होतं, काखेत हात घालून बाहेर ओढला. पाय शाबूत.

एवढ्यात त्या गाडीचा मेकॅनिक कुठूनसा धावत आला आणि कुणी नको म्हणायच्या आत त्याने बॉनेट सताड उघडलं. बॉनेट बोटभर उचलायचं आणि फटीतून नोझल आत घालायचं, हे आम्ही पोरांना घोकून घेतो. हवा मिळाली आणि भडका वर आला. फोमवाला तयार होता म्हणून मेकॅनिकच्या नुसत्या भुवया गेल्या.

रात्री पोरगं जेवेना. सांबारात भात कालवत बसलं होतं. मी त्याला क्यालामी ट्रॅकवरची गोष्ट सांगितली. दक्षिण आफ्रिका, ५ मार्च १९७७. फॉर्म्युला वनची एक गाडी पलीकडे थांबून पेटली आणि फ्रेडरिक यान्सन व्हान व्ह्यूरेन नावाचा मार्शल सिलिंडर घेऊन ट्रॅक ओलांडायला धावला. उंचवट्यामागून टॉम प्राइसची गाडी आली. मार्शल जागीच गेला. ते सिलिंडर प्राइसच्या डोक्याला लागलं, तोही गेला. आणि ज्या गाडीसाठी हे सगळं झालं तिचा ड्रायव्हर स्वतःच्या पायांनी बाहेर आला होता.

"मार्शलचं वय काय होतं?"

"१९."

तो काही बोलला नाही. भात तसाच राहिला.

आम्ही रिकामी सिलिंडरं वेगळी काढत होतो तेव्हा तो ड्रायव्हर आला. कोल्हापूरचा निघाला, त्यामुळे वाटलं चला, आभार तरी मराठीत मिळतील.

"इंजिनात पावडर कुणी मारली?"

पोराने हात वर केला.

"सगळं गेलं बघा. साफ करूनबी उपयोग नाही."

ते खरंच. तापलेल्या धातूवर ती पावडर चिकटून बसते आणि खात राहते. आम्ही गप्प. मग त्याने रेलकडे बोट दाखवलं.

"मला आतनं दिसत होतासा तुम्ही. मी बक्कल शोधतोय आणि तुम्ही तिथं नुसतं उभं."

पोराने माझ्याकडे पाहिलं.

"मी धरलं होतं त्याला," मी म्हणालो. "तीन गाड्या यायच्या होत्या."

तो थोडा वेळ ट्रॅककडे बघत राहिला. मग म्हणाला, "डावा ग्लोव्ह कुठं सापडला का हो? नवाच होता."

पोरगं टॉर्च घेऊन त्याच्याबरोबर शोधायला गेलं.