आमची वाटचाल: घरचा काटा

भायखळ्याच्या भाजी मंडईपासून पाच मिनिटांवर आमचं वजनकाट्यांच्या दुरुस्तीचं दुकान आहे. हात पसरले की दोन्ही भिंतींना लागतात, एवढंच. बाबा नगर जिल्ह्यातून मुंबईला आले, एका उस्तादाच्या हाताखाली शिकले आणि १९७६ साली त्यांनी हे दुकान थाटलं. १९५८ पासून शेर-मण जाऊन किलो आला, तेव्हाची तारांबळ त्या उस्तादाने डोळ्यांनी पाहिलेली. मोजणं बदललं की माणसं किती बावरतात, याच्या गोष्टी बाबा आम्हाला जेवताना सांगायचे.

दुकानात येशूची तसबीर नव्हती. बाबांनी पत्र्यावर बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या अकराव्या अध्यायातलं पहिलंच वचन रंगवून लावलं होतं: खोट्या तागडीचा परमेश्वराला वीट येतो आणि पुऱ्या वजनाने तो संतोषतो, अशा अर्थाचं. गिऱ्हाइकांना वाटायचं, ही दुकानाची जाहिरात. तशी ती होतीही.

काटा कसा मारतात हे दुरुस्तीवाल्याइतकं कोणाला कळणार? लोखंडी वजनाच्या बुडाशी भोक असतं, त्यात शिसं भरून वर निरीक्षकाचा ठसा मारलेला असतो. ते शिसं खरवडलं की वजन हलकं. पारड्याखाली लोहचुंबक निघायचं, कधी मेणाचा गोळा. बाबा तो गोळा काढून मालकाच्या हातावर ठेवायचे आणि काही न बोलता मजुरी सांगायचे.

इलेक्ट्रॉनिक काटे आले आणि लबाडी सभ्य झाली. आता ती आकड्यांत लपते. ‘दादा, किलोमागे पन्नास ग्रॅमचं सेटिंग करून दे, सगळेच करतात,’ असं सांगणारे मला महिन्याला दोन-तीन तरी भेटत. मी नाही म्हणायचो. त्यापायी मंडईतली तीन मोठी गिऱ्हाइकं गेली. एका रविवारी चर्चमध्ये पाळकांनी उपदेशात नाव न घेता माझा दाखला दिला. मी मान खाली घातली, पण आतून पार फुगलो होतो.

आता खरी गोष्ट. नवा काटा देताना आम्ही जुनी लोखंडी वजनं, दांड्या, पारडी भंगाराच्या भावाने परत घेतो. ती तोलायला दुकानात एक प्लॅटफॉर्म काटा आहे. कायद्याने इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी आणि मुद्रांकन, म्हणजे सरकारी ठसा, दर १२ महिन्यांनी लागतं, लोखंडी वजनांचं २४ महिन्यांनी. सगळ्या मंडईला तारखांची आठवण करून देणारा मी. घरच्या काट्याची तारीख कधीच उलटून गेली होती. आपलाच तर आहे, बघू सवडीने.

एका संध्याकाळी दुसऱ्याच कामासाठी त्यावर २० किलोचं प्रमाणित वजन ठेवलं. आकडा आला १९.३००. पुसून, सरळ करून पुन्हा ठेवलं. तेवढंच. लोडसेल, म्हणजे काट्यातला वजन ओळखणारा भाग, कधी ढिला पडला असेल देव जाणे. वही चाळली, तर त्या काट्याची आम्ही दुकानातच केलेली शेवटची तपासणी अकरा महिन्यांपूर्वीची.

बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात म्हटलंय की थैलीत लहान-मोठी अशी दोन वजनं ठेवू नकोस. लहानपणी शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या बायबलवर्गात, पाठ केलेलं. ते शेजारच्या गाळेवाल्यासाठी आहे असं मी आजवर धरून चाललो होतो. काटा माझ्याविरुद्ध चुकत असता, म्हणजे मला जास्त पैसे मोजावे लागले असते, तर अकरा महिने लागले असते का? आठवड्यात पकडला असता.

त्या अकरा महिन्यांत भंगार दिलेल्यांची वहीत २३ नावं निघाली, त्यांना कमी दिलेले पैसे ₹२,८४०. बायको म्हणाली, ‘बायबलमधल्या त्या जकातदार जक्कयाने लुबाडलेलं चौपट परत केलं होतं.’ मी एकपटच दिलं. तेवढी श्रद्धा नाही म्हणा किंवा तेवढी ऐपत. देताना खरं कारण सांगायची सर्वांत जास्त लाज वाटली. पहिल्या दोघांना ‘हिशेबात चूक झाली’ असं सांगून मोकळा झालो. म्हणजे खोट्याची भरपाई करताना पुन्हा खोटं! तिसऱ्यापासून ‘माझा काटा कमी दाखवत होता’ असं सरळ सांगू लागलो, मग त्या दोघांकडेही परत गेलो. एक भाजीवाल्या मावशी नोटा हातात घेऊन म्हणाल्या, ‘ह्या तरी मोजून घेऊ का रे?’ आणि खरंच मोजल्या. एकाने पुढचं काम दुसरीकडे दिलं. त्याचं चुकलं असं मला वाटत नाही.

घरच्या काट्यावर आता मुद्रांकन आहे. दर शनिवारी दुकान बंद करताना मुलगी त्यावर वीस किलोचं वजन ठेवून वहीत आकडा लिहिते.

२३ पैकी एक जण सापडला नाही. त्याची हातगाडी मंडईतून हलली, फोन लागत नाही. त्याचे ₹१८० पाकिटात घालून ठेवलेत. मी म्हटलं, रविवारी दानात टाकू. आई भडकली: ‘दुसऱ्याच्या पैशाने दान कसलं करतोस?’ पाकीट अजून गल्ल्याच्या खणात आहे.