केळी-पट्टी प्रोग्राम, आठवडा तिसरा: ४२ क्विंटलचे झाले ४२० टन

काय भो, काकांच्या केळीच्या पट्ट्या, म्हणजे माल विकल्याच्या पावत्या, पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत घ्यायचं काम चालूच आहे. पट्ट्या सावद्याच्या, एक्सेलमधे टाइप करून सीएसव्ही (साधी मजकूर फाइल) काढतो आणि प्रत्येक ओळीचा एक फ्रोझन डेटाक्लास (ठरलेल्या रकान्यांचा, एकदा बनला की न बदलणारा ऑब्जेक्ट), कारण एकदा झालेली पट्टी चुकून बदलायला नको.

पहिला घोळ सोपा होता. सगळ्यात जास्त भाव विचारला तर म्हणे ९५०, आणि १२५० ची पट्टी माझ्यासमोर पडलेली! सीएसव्हीतून येतं ते सगळं स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, मी भावासमोर डेसिमल (अचूक दशांश आकडा) असा प्रकार लिहून निवांत, पण ही टाइप हिंट म्हणजे नुसती पाटी, पायथॉन ती वाचून काही बदलून देत नाही. स्ट्रिंगची तुलना अक्षराअक्षराने, तिथे ९ हा १ च्या पुढे, संपलं.

मग पोस्ट-इनिटमधे (ऑब्जेक्ट बनताच आपोआप चालणारं फंक्शन) डेसिमल करायला गेलो तर फ्रोझन-इन्स्टन्स-एरर. ऑब्जेक्ट या मूळ क्लासचं सेटॲटर (किंमत घालणारं फंक्शन) थेट बोलवून मागच्या दाराने घातलं, चाललं. चाललं म्हणून हुशारी सुचली आणि तिथेच क्विंटलला १०० ने गुणून किलो पण करून टाकले.

गुरुवारी काका म्हणे त्या पट्टीचा भाव १२५० नाही, १२७५ आहे. रिप्लेस वापरून नवीन ऑब्जेक्ट केला, बदलला फक्त भाव, आणि ४२ क्विंटल माल झाला ४,२०,००० किलो. तीन एकरात ४२० टन! काका म्हणे मग नोकरी सोड अन् केळीच लाव.

दोन रात्री गेल्या, त्यातली एक लाइट नव्हती म्हणून. रिप्लेस जुन्याची झेरॉक्स काढत नाही, जुन्या किमती घेऊन इनिट (ऑब्जेक्टमधे किमती भरणारं फंक्शन) नव्याने चालवतं, म्हणजे पोस्ट-इनिट पण परत, म्हणजे आधीच किलो झालेल्याला परत १००. डेसिमलचं परत डेसिमल केलं तर काही बिघडत नाही, म्हणून तोवर कळलंच नाही.

आता सगळं रूपांतर एका क्लासमेथडमधे (क्लासवरच बोलवायचं फंक्शन), ओळ आत येते तिथेच. पोस्ट-इनिट फक्त तपासतं, डेसिमल नसेल तर टाइप-एरर. फ्लोट (कॉम्प्युटरचा नेहमीचा, जवळपासचा दशांश आकडा) तर मधे येऊच देत नाही, डेसिमलला ०.१ फ्लोट दिला की ०.१००००००००००००००००५५५ असलं शेपूट निघतं. काकूने काही पट्ट्या देवनागरी आकड्यांत टाइप केल्या होत्या, मला वाटलं आता फुटणार, पण डेसिमलने त्या गुपचूप बरोबर वाचल्या!

उरला 'पैसे आले' हा कॉलम. रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग बूलमधे (खरं-खोटं सांगणारा प्रकार) टाकली की ट्रू, म्हणजे खरं, 'नाही' सुद्धा, त्यामुळे सध्या प्रोग्रामच्या हिशोबाने सगळ्या व्यापाऱ्यांनी पैसे दिलेले आहेत. काकांना अजून दाखवलं नाही.