मंगळवारी पाचची झोप

मी थेरपिस्ट, माणसं माझ्याकडे मनातलं बोलायला येतात. मंगळवारी पाच वाजता काका आले की दहा-पंधरा मिनिटांत माझ्या पापण्या जड व्हायच्या. चारची मुलगी रडून गेलेली असायची, साडेसहाला एक जोडपं कडाकडा भांडायला यायचं, तिथे मी टक्क जागी. मधले हे काका बोलायला लागले की मात्र जांभई दातांखाली दाबून धरावी लागे. पेनाचं टोपण तळहातात रुतवून बसायचे.

(काकांचं वय, नोकरी, घरातली माणसं बदलली आहेत. लिहायला त्यांची परवानगी आहे.)

गंमत म्हणजे काकांना माझ्याकडे पाठवलं होतं ते झोप येत नाही म्हणून. साखर कारखान्याच्या अकाउंट्स विभागातून निवृत्त झालेला माणूस. मुलगा सेकंड शिफ्टहून घरी येईपर्यंत हे जागे. मग सगळे झोपले की कडी बघायची, गॅसची खटकी बघायची, आडवं व्हायचं, आणि दोनला परत उठून तेच. सायकियाट्रिस्टनी थायरॉइडसकट सगळं तपासून घेतलं होतं, गोळी चालू होती; ती सोडायची म्हणून माझ्याकडे धाडलं. मी निद्रानाशासाठी करतात तेच सुरू केलं. झोपेचा तक्ता ठेवायचा, उठायची वेळ ठरलेली, जाग आली तर अंथरुणात लोळत पडायचं नाही. काकांनी तक्ता असा भरून आणला की ऑडिटरने मान डोलवावी. निळ्या शाईत झोप, लाल शाईत जाग. झोपेत फरक शून्य.

आमच्या धंद्यात केस कितीही पांढरे झाले तरी आपल्या केसेस कुणापुढे तरी मांडायच्या असतात. माझ्या सुपरवायझर पुण्यात असतात, व्हिडिओ कॉलवर भेटतो. झोपेचं सांगितल्यावर बाईंचा पहिला प्रश्न : "मंगळवारी दुपारी जेवतेस काय?"

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. थेरपिस्टच्या मनात जे जे उठतं ते पेशंटनेच पेरलेलं असतं, असं हल्ली काही तरुण सहकारी बिनदिक्कत बोलतात. चिडचिड झाली, पेशंटची. कंटाळा आला, पेशंटचा. सोयीचं आहे. आधी आपलं घर झाडून घ्यावं : रात्रीची झोप, शुगर, नवऱ्याशी झालेली वादावादी, समोरचा माणूस आपल्या कुठल्या आत्या-मामासारखा दिसतो का. मी सगळं तपासलं. एक महिना दुपारी भात बंद केला. झोप जशीच्या तशी, आणि तीही फक्त काकांपुढे.

तेव्हा बाई म्हणाल्या, "नोट्स काढ. पेन कुठे घसरतंय ते बघ."

बघितलं. पेन्शनची फाइल, वीजबिल, मीटर रीडिंग, इथपर्यंत अक्षर बरं. मग ओळ उजवीकडे खाली उतरायला लागते, काना-मात्रा गळतात, एके ठिकाणी तर नुसती रेघ. आणि उतार जिथे सुरू होतो तिथे जवळजवळ दरवेळी काकांचं लहानपण होतं. संध्याकाळ, दिवेलागण, 'वडील घरी आले की'.

थेरपिस्टच्या या अशा प्रतिक्रियांना काउंटरट्रान्सफरन्स म्हणतात. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने 1910 मध्ये त्याबद्दल लिहिलं तेव्हा सूर तक्रारीचा होता : डॉक्टरने स्वतःत हे ओळखावं आणि त्यावर मात करावी. चाळीस वर्षांनी, 1950 मध्ये, लंडनच्या मनोविश्लेषक पाउला हाइमान यांनी बाजू उलटवली. त्यांचं म्हणणं, थेरपिस्टच्या मनात जे उठतं ते पेशंटला समजून घ्यायचं महत्त्वाचं हत्यार आहे. अट एवढीच की ते मनात धरून ठेवायचं, त्याची उकल करायची, पेशंटच्या अंगावर ओतायचं नाही. वाचायला सोपं. पापणी मिटायला लागली असताना करायला अवघड.

पुढच्या मंगळवारी काका सांगलीतल्या जुन्या घराबद्दल सांगत होते. आवाज नेहमीचा, एका पट्टीतला. वाक्य संपल्याचंही कळू नये असा. माझं पेन घसरायला लागलं. तेवढ्यात आवाज आणखी एक घर खाली आला. मग काका उठले, पावलांचा आवाज न करता भिंतीपाशी गेले, पंख्याचा रेग्युलेटर एकाने कमी केला आणि परत येऊन बसले. खुर्चीसुद्धा करकरली नाही.

"पडा जरा मॅडम," हळूच म्हणाले. "मी आहे."

माझी झोप खाडकन उडाली.

अशा वेळी सारवासारव करायचा मोह होतो. नाही हो, जागीच आहे, बोला ना. पण जो माणूस माझी पापणी माझ्याआधी वाचतो, त्याच्याशी खोटं बोलून काय मिळणार? मी म्हटलं, "काका, डोळे जड झाले होते माझे, खरंय. ते तुम्हाला माझ्याआधी कळलं. हे ओळखायला कुठे शिकलात?"

बराच वेळ काही नाही. मग त्याच सपाट आवाजात सुरू झाले. वडील रात्री पिऊन यायचे. आई आणि बहीण स्वयंपाकघरात, दार लोटून. आठ वर्षांचा हा मुलगा खाटेच्या पायथ्याशी. पाय चेपायचे आणि पेपर वाचून दाखवायचा. बातम्या नाहीत, बातम्यांवर वडील भडकायचे. बाजारभाव. हळद, गूळ, शेंगा; क्विंटलचा दर, आवक किती. आवाज चढवायचा नाही, पाडायचा नाही, मध्ये थांबायचं नाही. "थांबलं की डोळे उघडायचे त्यांचे." आधी पायाचा अंगठा सैल पडायचा, मग जबडा, मग घोरणं. घोरणं लागलं तरी आणखी एक रकाना वाचायचा, खात्रीसाठी. मग आईला हाताने खूण. त्यानंतर घर जेवायचं.

हे ऐकताना मी लख्ख जागी होते आणि कानशिलं तापली होती. त्या खाटेवरच्या माणसाला गदागदा हलवावं असं वाटत होतं. विचारलं, "राग यायचा?"

"राग कसला? बाप होता."

अर्जेंटिनातले मनोविश्लेषक हाइनरिश राकर यांनी थेरपिस्टच्या प्रतिक्रियांचे दोन प्रकार सांगितले आहेत. कधी आपण पेशंटच्या जागी जाऊन त्याचंच काहीतरी भोगतो, तर कधी त्याच्या आयुष्यातल्या दुसऱ्या कुणाच्या जागी नेऊन बसवले जातो. एका तासात मी दोन्हीकडे जाऊन आले. इतके दिवस मी खाटेवर होते, मला निजवलं जात होतं. आणि आता पायथ्याशी होते, त्या मुलाने कधी न केलेला राग घेऊन. निदान मला तसं वाटतं. त्यातला थोडा राग माझा स्वतःचा असणार, पिणाऱ्या बापांच्या कथा ऐकण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत.

रात्री विनिकॉट काढून बसले. बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक, दोन्ही. थेरपिस्टला पेशंटचा द्वेष वाटतो, ते नाकारू नये, यावर त्यांचा 1949 साली छापून आलेला निबंध आहे. त्यात आईला तान्ह्या बाळाचा द्वेष का वाटतो याची 18 कारणं दिली आहेत. आणि एक निरीक्षण : इंग्रजी अंगाईत फांदी मोडून पाळणा पडतो, आई ते गोड आवाजात गाते, बाळाला अर्थ कळत नाही हे बरंच. मला वाटतं हळदीचे भाव हीही तसलीच अंगाई होती. फक्त गाणारा आठ वर्षांचा होता.

हे सगळं काकांना सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "अजूनही सगळं घर झोपवून मगच पडता तुम्ही." त्यांनी मान हलवली आणि पुढच्या मंगळवारी 'पाहुणे आलेत' असा निरोप पाठवून आले नाहीत.

त्याच्या पुढच्या वेळी आले ते दारातूनच, "आज झोप झालीय ना मॅडम?" हसलो दोघं. दोनची जाग नंतरही महिनोन्महिने गेली नव्हती; लाल शाई कमी झाली इतकंच. आवाज मात्र हलायला लागला. एकदा मुलाच्या नोकरीवरून बोलता बोलता चांगलेच तापले आणि मी नेमकी घड्याळाकडे बघितलं, पन्नास मिनिटं होत आली होती.

"मी बोलतोय आणि तुम्ही घड्याळ बघता?" काका ओरडलेच. माझे खांदे ताठ झाले, पोटात गोळा आला. पेंगुळणं औषधालाही नव्हतं. म्हटलं, "राग आलाय तुम्हाला. तो मंगळवारी इथेच पुढे बोलू, पण आज वेळ संपली."

दार आपटून गेले. रिसेप्शनवरच्या मुलीने डोकं आत घातलं. "काका भांडले का?"

"हो, थोडं," मी म्हटलं. "त्यांचा पुढचा मंगळवार लिहून ठेव."