मग खाली गेलासाच कशाला?

"मग खाली गेलासाच कशाला, दादा?"

गगनबावड्यात टपरीवरच्या मावशींनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडात वडा होता. सायकलनं करूळ घाटातून खाली कोकणात उतरलो आणि भुईबावडा घाटानं परत वर आलो, एवढंच मी ऐटीत सांगितलं होतं. (शेवटची काही वळणं सायकल ढकलत आलो, ते नाही सांगितलं. सगळ्यात हलका गिअर टाकूनही पाय फिरेनात.)

उत्तर सुचेना. म्हटलं, "असंच. हौस."

मावशी हसल्या. "मी बी खालचीच. लहानपणी आईसंगं पायवाटेनं वर यायचो, बाजाराला. डोक्यावर आमसुलांची पाटी. रिकामं कोण चढंल घाट?"

माझ्या पिशवीत दोन केळी, एक जादा ट्यूब आणि हवा मारायचा पंप.

तिथून कोल्हापूर ५५ किलोमीटर. एरवी या रस्त्यावर मी सरासरी वेग बघत येतो. आज वाटेतलं कळे गाव आलं तरी मीटरकडे लक्षच गेलं नाही. डोक्यात ती पाटी. केवढी असेल? किती किलोची?

पुढच्या खेपेला खालून आमसुलं घेऊन चढावं का? निदान पावशेर?