१९३८: तेरा पाने, दहा डॉलर पान

१ मार्च १९३८ ही तारीख असलेला एक चेक आहे, ४१२ डॉलरचा. त्याचा हिशेब असा: 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स' या चित्रकथांच्या मासिकातल्या कामाचे २१० डॉलर, 'अ‍ॅडव्हेंचर कॉमिक्स' आणि 'मोअर फन' यांचे प्रत्येकी ३६, आणि सुपरमॅनचे १३०. पानाला १० डॉलर दर आणि गोष्ट तेरा पानांची. म्हणजे त्या १३० डॉलरमध्ये लेखन-रेखाटनाची मजुरी आली आणि त्या पात्रावरचा कायमचा हक्कही आला. पात्राची वेगळी किंमत कुणी लावलीच नाही. सोबत हक्कसोडपत्रावर सही झाली. क्लीव्हलंडचे जेरी सीगल (लेखक) आणि जो शुस्टर (चित्रकार) तेव्हा दोघेही २३ वर्षांचे होते.

१९३८ हे साल सुपरहिरोंच्या जन्माचे म्हणून सांगितले जाते. मला ते वाचावेसे वाटते ते कात्री, गोंद आणि कागदपत्रांसाठी.

सुपरमॅन मुळात मासिकासाठी काढलेलाच नव्हता. दोघांना हवी होती वृत्तपत्रातली रोजची चित्रपट्टी, कारण एकच पट्टी देशभरातल्या अनेक वृत्तपत्रांना विकली जाई आणि खरा पैसा तिथे होता. अशा पट्ट्या वृत्तपत्रांना विकणाऱ्या संस्थांनी, म्हणजे सिंडिकेटांनी, ती वर्षानुवर्षे नाकारली. शेवटी मॅक्क्लुअर सिंडिकेटकडे पडून असलेल्या पट्ट्या 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'चे संपादक व्हिन सुलिव्हन यांच्यापर्यंत पोचल्या. त्यांना नव्या मासिकासाठी तेरा पाने हवी होती, तीही घाईने.

मग पट्ट्या कापून पानांवर चिकटवल्या गेल्या. पट्टीत चौकटी एका ओळीत येतात, पानावर त्या ओळींखाली ओळी रचाव्या लागतात. चौकट रुंद पडली तर तिची कड छाटायची, अरुंद पडली तर मागचे दृश्य रेखाटून वाढवायची. आकार असा जुळवता येतो, लय जुळवता येत नाही. रोजच्या पट्टीला दर चौथ्या-पाचव्या चौकटीला वाचकाला उद्यापर्यंत अडकवून ठेवायचे असते. तेच पानावर सलग वाचताना गोष्ट धक्के खात पुढे जाते. पहिला अंक वाचताना हे जाणवते. (आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्समध्ये वेताळाच्या वृत्तपत्री पट्ट्या पानावर बसवताना हीच कापाकापी होत असे.)

जागेपायी सुरुवातही कापली गेली. एका पानात सुपरमॅन कोण ते सांगून गोष्ट थेट मध्यात उघडते: बांधलेल्या बाईला काखेत घेऊन तो रात्री झेपावतो आहे. ती कोण, हा निघालाय कुठे, काही कळत नाही. ती वगळलेली पाने १९३९च्या उन्हाळ्यात 'सुपरमॅन'च्या पहिल्या अंकात छापली गेली. दोन्ही अंक शेजारी ठेवून वाचले की सांधा नेमका दिसतो. माझ्या मते अपघाताने झालेली ती कापणीच जास्त प्रभावी ठरली.

अंक ६४ पानी, किंमत १० सेंट. मुखपृष्ठावर जून लिहिलेले असले तरी विक्रीला आला एप्रिलमध्ये, कारण ती तारीख स्टॉलवाल्याने अंक कधी उतरवायचा हे सांगण्यासाठी असे. न खपलेले अंक परत जात आणि ते मोजल्यावरच खरी विक्री समजे, म्हणजे बऱ्याच उशिरा. त्यामुळे मुखपृष्ठावर मोटार उचलणारा सुपरमॅन दुसऱ्या अंकात मुखपृष्ठावरून गायब होतो, तो थेट सातव्या अंकात परततो.

सीगल आणि शुस्टर १९४७ मध्ये कोर्टात गेले. पुढच्या वर्षी सुमारे ९४ हजार डॉलरवर तडजोड झाली आणि त्यांची नावे सुपरमॅनवरून काढली गेली. सुपरमॅनच्या चित्रपटाची तयारी सुरू असताना, चित्रकार नील अ‍ॅडम्स आणि जेरी रॉबिन्सन यांनी बाजू लावून धरल्यावर, १९७५ मध्ये वर्षाला २० हजार डॉलरचे निवृत्तिवेतन मिळाले आणि नावे परत आली. तोवर सत्तावीस वर्षे गेली होती. नाव पुसले जाणे मला पैसे जाण्यापेक्षाही वाईट वाटते.

१९३८ मध्येच स्कॉटलंडच्या डंडीहून 'बीनो' हे मुलांचे चित्रकथा-साप्ताहिक सुरू झाले, ३० जुलैच्या तारखेचा पहिला अंक दोन पेन्सला. तिथे चित्रकारांना चित्राखाली सही करू देत नसत. डडली वॉटकिन्ससारख्या चित्रकारालाही ती मुभा मिळायला १९४६ उजाडावे लागले.

बेल्जियममध्ये २१ एप्रिल १९३८ रोजी 'स्पिरू' साप्ताहिक निघाले. त्याचा नायक स्पिरू, लाल गणवेशातला हॉटेलचा पोऱ्या, चित्रकार रॉब-वेल यांनी काढला. १९४३ मध्ये त्यांनी तो प्रकाशक द्युप्वी यांना विकला, म्हणून तो पुढे एका चित्रकाराच्या हातून दुसऱ्याच्या हाती जात राहिला. त्यातलेच एक आंद्रे फ्रांकँ. त्यांनी १९५२ मध्ये त्या गोष्टींत मार्सुपिलामी नावाचा लांब शेपटीचा प्राणी आणला आणि त्याचे हक्क मात्र स्वतःकडे ठेवले. १९६०च्या दशकाच्या अखेरीस फ्रांकँनी स्पिरू सोडला, आणि काही काळातच तो प्राणीही स्पिरूच्या गोष्टींतून निघून गेला. नव्या चित्रकारांना तो काढता येईना. २०१३ मध्ये द्युप्वीने मार्सुपिलामीचे हक्क असलेली कंपनीच विकत घेतली, तेव्हा कुठे तो परतण्याची वाट मोकळी झाली.