ओईटी: बाकी सगळं निघालं, पत्र अडलं

आमच्याकडच्या दोघी-तिघी नर्स मुली सध्या ओईटीची तयारी करतायत. रोज मेसेज येतो, "ताई, कुठला क्लास लावू?" प्रत्येकीला तेच ते टाइप करून कंटाळले, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. आणि खरं सांगायचं तर मी स्वतः ओईटीसाठी ज्या क्लासला जात होते त्याच्यावरचा राग अजून उतरलेला नाही, तोही यात येईलच.

ओईटी म्हणजे ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट. फक्त आरोग्यक्षेत्रातल्या लोकांसाठी असते, नर्स, डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, फार्मासिस्ट वगैरे. ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नाव नोंदवायचं तर तिथली एनएमसी, म्हणजे नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल, इंग्रजीचा पुरावा मागते. त्यासाठी आयईएलटीएस, म्हणजे इंग्रजीची सर्वसाधारण परीक्षा द्या, नाहीतर ओईटी. ओईटीत ५०० पैकी लिसनिंग, रीडिंग आणि स्पीकिंगला प्रत्येकी ३५० लागतात आणि रायटिंगला ३००. रायटिंगला कमी मागतायत म्हणजे ते सोपं असणार, असं सगळ्यांनाच वाटतं. मलाही वाटलं होतं.

माझं इंग्रजी कसलं होतं ते सांगते, कारण तुमच्यातल्या बहुतेकींचं तसंच असणार. दहावीपर्यंत मराठी माध्यम. जीएनएमची, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाची, पुस्तकं इंग्रजी, पण उत्तरं पाठ करून उतरवलेली. मिरजेत वॉर्डला काम करायचे तिथे पेशंटशी मराठी, सीमेपलीकडून आलेल्यांशी मोडकंतोडकं कानडी. इंग्रजी म्हणजे फाइल आणि डॉक्टरांचा राउंड. वाचलेलं कळायचं, ऐकलेलं बऱ्यापैकी कळायचं, फाइलपुरतं लिहिता यायचं. पण "रात्री झोप लागली का?" एवढं साधं इंग्रजीत विचारायचं म्हटलं की आधी डोक्यात मराठी वाक्य जुळवायचं आणि मग ते उलटंपालटं करायचं. धड येत नाही असंही नाही आणि येतं म्हणायचीही सोय नाही. अशा अवस्थेत माणूस वर्षानुवर्षं राहू शकतो, कारण रोजचं काम काही अडत नाही.

लिसनिंग-रीडिंगचं फार सांगण्यासारखं नाही. लिसनिंगमध्ये ध्वनिफीत एकदाच वाजते, त्यामुळे घरीही मागे नेऊन ऐकायची सवय लावू नका. रीडिंगचा पहिला भाग १५ मिनिटांत २० प्रश्नांचा आहे. तिथे मजकूर वाचत बसायचं नाही, हवं ते हुडकायचं. औषधाच्या पाकिटातल्या कागदावर डोस शोधतो तसं. हे जमलं.

आता पत्र.

रायटिंगमध्ये एका पेशंटच्या केस नोट्स देतात. पहिली पाच मिनिटं फक्त वाचायचं, पेनाला हात लावायचा नाही. मग ४० मिनिटांत साधारण १८० ते २०० शब्दांचं पत्र, बहुतेक वेळा रेफरलचं, म्हणजे पेशंटला दुसऱ्याकडे पाठवतानाचं, नाहीतर डिस्चार्जचं. मी शहरातल्या एका नावाजलेल्या क्लासला जात होते. तिथल्या सरांनी पत्राचा साचा दिला होता. सुरुवातीची वाक्यं ठरलेली, शेवटची ठरलेली, मधे नोट्समधलं भरायचं. त्यांचा एकच घोष: "नोट्समधला एकही मुद्दा सुटता कामा नये." वही तपासताना ते 'द' आणि 'अ' कुठे राहिलं तेवढ्यावर लाल गोल करायचे. माझे गोल कमी कमी होत गेले, तसे ते खूश आणि मीही खूश.

निकाल आला. तीन विषय निघाले. रायटिंग २९०.

दहा गुणांनी. आणि निकालपत्रावर नुसता आकडा असतो. का गेले, कुठे गेले, काही नाही. फी ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये भरलेली, त्याचे रुपये किती झाले ते मी घरी नीट सांगितलंही नव्हतं. क्लासला फोन केला तर पलीकडून पेपर न बघताच, "मॅडम, तुमचं ग्रामर वीक आहे. पुढची बॅच करा, डिस्काउंट देतो." असा संताप आला! गेल्या महिन्यापर्यंत याच ग्रामरला "व्हेरी गुड" मिळत होतं.

रागारागात मी ओईटीवाल्यांनीच जाहीर केलेले तपासणीचे निकष उघडले. हे क्लासच्या पहिल्या दिवशी भिंतीवर लावायला हवं होतं, पण तिथे भिंतीवर विमानाचं चित्र आणि पास झालेल्यांचे फोटो. पत्र सहा बाजूंनी तपासतात. पत्र कशासाठी लिहिलंय ते लगेच कळतं का. वाचणाऱ्याला लागणारी माहिती आहे का. नको ते गाळलंय का. सूर व्यावसायिक आहे का. मांडणी नीट आहे का. आणि शेवटी भाषा, म्हणजे व्याकरण, शब्द, स्पेलिंग. सहातला एक! बाकीच्या पाचांबद्दल त्या क्लासात कोणी चकार शब्द काढला नव्हता. उलट "एकही मुद्दा सुटता कामा नये" हा मंत्र तिसऱ्या निकषाच्या थेट मुळावर येणारा.

यात आपल्या नर्सिंगचीही एक मेख आहे. ट्रेनिंगपासून डोक्यात भरवलेलं असतं की लिहिलं नाही म्हणजे केलंच नाही. दर दोन तासांचा बीपी, किती लघवी झाली, नातेवाइकाला काय समजावलं, सगळं फाइलमध्ये. उद्या काही झालं तर तेच वाचवतं. तो हात पत्र लिहायला बसला की माहिती गाळायला धजत नाही. आणि ओईटीच्या नोट्समध्ये मुद्दाम कचरा पेरलेला असतो.

उदाहरण देते, सरावासाठी मीच बनवलेलं. ७२ वर्षांच्या बाई, खुब्याचा सांधा बदललाय, उद्या घरी जाणार, पत्र लिहायचं घरी येणाऱ्या कम्युनिटी नर्सला. नोट्समध्ये काय काय आहे? लहानपणी अपेंडिक्सचं ऑपरेशन. पेनिसिलिनची ॲलर्जी. ऑपरेशननंतर रोजचा बीपी, सगळा नॉर्मल. जखमेला स्टेपल्स, काढायची तारीख. रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन रोज, बाईंना स्वतःला टोचून घ्यायची भीती वाटते. एकट्या राहतात, झोपायची खोली वरच्या मजल्यावर. मुलगी दुसऱ्या गावी, शनिवार-रविवारी येते. बागकामाची आवड. वीस वर्षांपूर्वी सिगारेट सोडली.

माझ्या पहिल्या पत्रात अपेंडिक्सपासून बागेपर्यंत सगळं होतं, ओळीने, तारखेवार. इंजेक्शनची भीती तिसऱ्या परिच्छेदाच्या मध्यावर कुठेतरी दडलेली.

मला या फेऱ्यातून बाहेर काढलं ते आमच्याच वॉर्डातल्या एका मल्याळी मैत्रिणीने. तिच्या गावाकडच्या कितीतरी मुली बाहेर गेलेल्या, तिला यातलं बरंच ठाऊक. तिने माझं पत्र वाचलं, खाली ठेवलं आणि हिंदीत विचारलं, "मी ती घरी येणारी नर्स. सोमवारी सकाळी दारात उभी आहे. मी करू काय?" मी सांगायला लागले तर म्हणाली, "तू बोलू नको, पत्रात दाखव." पत्रात शोधायला लागले तर मलाच सापडेना.

त्यानंतर नाइटला वॉर्ड शांत असला की आमचा हाच उद्योग. मी पत्र लिहायचे, ती एकदाच वाचायची आणि कागद उलटा ठेवून सांगायची की तिला काय काय करायचंय: स्टेपल्स कधी काढायच्या, इंजेक्शन टोचायला शिकवायचं, जिन्याचं बघायचं, पेनिसिलिन द्यायचं नाही. तिने जे सांगितलं नाही ते एकतर मी नीट लिहिलेलं नसायचं, नाहीतर लिहायची गरजच नसायची. बीपीचे सगळे आकडे जाऊन "बीपी स्थिर" एवढंच उरलं. बाग गेली. अपेंडिक्स गेलं. पहिल्याच परिच्छेदात पेशंट कोण, झालं काय आणि तुमच्याकडून काय हवंय. "घरी काही आधार नाही" हे मी लिहायचे तेव्हा ती म्हणायची, मुलगी शनिवार-रविवारी येते ना, मग अडचण सोमवार ते शुक्रवारची, तसं लिही. मला व्याकरणाच्या पुस्तकातून इतकं इंग्रजी कधी आलं नव्हतं, कारण इथे प्रत्येक वाक्याला कुणीतरी खरंच काहीतरी करणार होतं.

क्लासच्या साच्यातली जड वाक्यं आपोआप गळून पडली. लहान वाक्यं लिहिली की चुकाही कमी होतात, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

परत परीक्षा दिली. इथे एक महत्त्वाचं: एनएमसी दोन परीक्षांचे गुण एकत्र धरते, पण दोन्ही परीक्षा १२ महिन्यांच्या आत हव्यात, दोन्ही वेळा चारही विषय द्यायला हवेत आणि कुठल्याही विषयात ठराविक गुणांच्या खाली घसरायचं नाही. त्यामुळे "एवढंच राहिलंय" म्हणून बाकीचा सराव सोडू नका. रायटिंगला ३४० आले. निकाल पाहून मी आधी मैत्रिणीला मिठी मारली आणि मग क्लासचा नंबर ब्लॉक केला. मला त्या भिंतीवर माझा फोटो नको होता.

हां, स्पीकिंगचं राहिलंच. दोन रोल-प्ले असतात, प्रत्येक साधारण पाच मिनिटांचा. कार्ड हातात देतात, तीन मिनिटं विचार करायला, कार्डावर खुणा केल्या तरी चालतं. समोरचा माणूस पेशंट होतो, तो तुम्हाला गुण देत नाही. रेकॉर्डिंग दुसरीकडे तपासलं जातं, त्यामुळे त्याच्या चेहऱ्याकडे बघून घाबरू नका. सुरुवातीला तो तुमच्या कामाबद्दल इकडचं-तिकडचं विचारतो, त्याला गुण नसतात. आपली खोड म्हणजे पेशंटला प्रेमाने दटावणं: "आजी, गोळी घ्या बघू, नाटकं नाही करायची." तिथे आधी विचारायचं की त्यांना काय माहीत आहे, कशाची काळजी वाटतेय, आणि मग थोडं थोडं सांगायचं. डायबिटीसचा अख्खा धडा एका दमात म्हणून दाखवला तर गुण जातात.

"इंग्रजी सिनेमे बघ" असा सल्ला देणाऱ्यांना नमस्कार. मी बघितले. झोप छान लागली.

सीबीटी (नर्सिंगची कॉम्प्युटरवरची परीक्षा), व्हिसा, ब्रिटनमध्ये आल्यावर ओएससीई (प्रात्यक्षिक परीक्षा), हे सगळं नियमाप्रमाणे झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. आता यॉर्कशायरमध्ये वॉर्डला आहे. परीक्षेत नसलेली आणि इथे सगळ्यात अवघड गेलेली गोष्ट म्हणजे वॉर्डचा फोन. समोर चेहरा नाही, पाठीमागे मॉनिटरची टिवटिव आणि लॅबवाला घाईत. सुरुवातीला फोन वाजला की मी मुद्दाम बेडपॅन उचलायचे. मग इथल्या नर्सेसचं बघून शिकले: ऐकलेलं सगळं परत म्हणून दाखवायचं आणि आकडा सुटा करायचा. 'फिफ्टीन' नाही म्हणायचं, "वन-फाइव्ह" म्हणायचं, म्हणजे पन्नास आणि पंधराचा घोळ होत नाही. इथे कोणी त्याला हसत नाही, उलट न विचारता लिहून घेणारीला बोलणी बसतात. पेशंट आजी-आजोबा "लव्ह" म्हणून हाक मारतात आणि बोलतात भराभर. नाही कळलं तर "सॉरी, परत सांगता?" म्हणा, ते आनंदाने दुप्पट बोलतात. बसमध्येही तेच, ड्रायव्हरला स्टॉपचं नाव दोनदा विचारलं तर तो काही खात नाही.

आणखी एक, फॉर्म भरायच्या आधी वाचा. परीक्षेच्या फॉर्मवरचं तुमचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. लग्नाआधीचं-नंतरचं नाव, मधे वडलांचं की नवऱ्याचं, हे आधी मिटवा. कॉम्प्युटरवर परीक्षा देणार असाल तर पत्र टाइप करून सराव करा, वहीवरचा वेग तिथे उपयोगाचा नाही. आणि निकाल दोनच वर्षं चालतो, तेव्हा बाकीची कागदपत्रं, विशेषतः आपल्या नर्सिंग कौन्सिलकडची, आधी सुरू करून मगच परीक्षेची तारीख घ्या. क्लास लावायचाच असेल तर पहिल्या दिवशी सरांना एकच विचारा: पत्राला किती निकष आहेत? उत्तर "ग्रामर" असं आलं तर चप्पल घालून बाहेर या.