टिम डंकनला बोर म्हणू नका

बास्केटबॉलचा विषय निघाला की जॉर्डन, कोबी, लेब्रॉनवरून हमरीतुमरी होते आणि टिम डंकनचं नाव कोणीतरी अगदी शेवटी घेतं, तेही "हो तो पण भारी होता, पण बोर" असं म्हणून. मला हे अजिबात पटत नाही. सॅन अँटोनियो स्पर्स या एकाच टीमकडून 19 सीझन, 5 चॅम्पियनशिप, त्यातली पहिली 1999 ला आणि शेवटची 2014 ला, एवढ्या काळात एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या बास्केटबॉल लीगची, अख्खी पिढी बदलते राव.

मुळात हा पोहणारा मुलगा. कॅरिबियनमधल्या सेंट क्रॉय बेटावरचा. बहीण 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये पोहली होती आणि ह्यालाही ऑलिंपिकलाच जायचं होतं, 400 मीटर फ्रीस्टाइलमध्ये. पण 1989 ला ह्युगो वादळात बेटावरचा ऑलिंपिक साइजचा एकमेव पूल उद्ध्वस्त झाला, पुढच्या वर्षी त्याच्या 14 व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी आई कॅन्सरनं गेली, आणि पोहणं सुटलं ते सुटलंच. बास्केटबॉल त्यानंतरचा. आईला शिक्षण पूर्ण करायचा शब्द दिलेला, म्हणून वेक फॉरेस्टला पूर्ण चार वर्षं काढली, सायकॉलॉजीची डिग्री घेतली आणि मगच 1997 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात त्यात, उतरला. सगळ्यात आधी निवड त्याची. त्याआधीच कोट्यवधी डॉलर समोर दिसत असताना कॉलेजात बसून राहणं सोपं नाही.

आता मला जे खरं सांगायचंय ते. स्पर्सचा तेव्हाचा हिरो डेव्हिड रॉबिन्सन, 1995 चा एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू. 1996-97 ला तो जखमी होता म्हणून टीम 82 पैकी फक्त 20 मॅच जिंकली आणि ड्राफ्टमध्ये आधी कोण निवडणार हे ठरवणाऱ्या लॉटरीत नंबर लागून डंकन मिळाला. अशा वेळी मोठा स्टार नव्या पोराला सहज जागा देत नाही, लेकर्समध्ये शकील ओ'नील आणि कोबी एका टीममध्ये असून कसे भांडले ते सगळ्यांना माहितीये. रॉबिन्सननं दिली. स्वतःचे शॉट कमी केले, डिफेन्स आणि रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं) सांभाळले, दोघांनी मिळून 1999 ला ट्रॉफी आणली. डंकननं हे अगदी जवळून बघितलं आणि पुढं आयुष्यभर तेच केलं असं मला वाटतं.

2003 च्या फायनलची सहावी मॅच बघा, न्यू जर्सी नेट्सविरुद्ध. डंकनचे 21 पॉइंट, 20 रिबाउंड, 10 असिस्ट (बास्केट करून देणारे पास), 8 ब्लॉक (अडवलेले शॉट)! रॉबिन्सनची ती करिअरमधली शेवटची मॅच, त्यात त्याचे 17 रिबाउंड, आणि म्हातारा चॅम्पियन म्हणून घरी गेला.

आणि तो बँक शॉट. डावीकडे लो पोस्टवर, म्हणजे बास्केटच्या बाजूला जवळच, बॉल घ्यायचा, वळून बास्केटकडे तोंड करायचं, बॉल दोन्ही हातात धरून समोरच्याच्या पायांकडे बघायचं, एक छोटा खोटा स्टेप, आणि साधारण 45 अंशाच्या कोनातून बास्केटमागच्या बोर्डवरच्या चौकोनाचा वरचा कोपरा धरून सोडून द्यायचा. काचेवर टक्, आत. तिथून बोर्ड वापरला की बॉल थोडा जास्त जोरात गेला तरी खपून जातो, आणि डिफेंडरला समजत असूनही काही करता येत नाही. लोकांना डंक, म्हणजे उडी मारून बॉल बास्केटमध्ये ठोकणं, पाहिजे असतात. मला तरी हे बघताना कधी कंटाळा आला नाही.

मग स्पर्समध्ये पार्कर आला, जिनोबिली आला. 2007 ला फायनल्सचा एमव्हीपी टोनी पार्कर झाला, 2014 ला कवाय लिओनार्ड, आणि डंकन कुरकुरल्याचं कधी दिसलं नाही. 2012 ला तर पगार निम्म्याहून कमी केला, बाकीची टीम टिकवता यावी म्हणून. कोच ग्रेग पॉपोविच सगळ्यांसमोर त्याच्यावर ओरडायचा आणि तो ऐकून घ्यायचा, मग बाराव्या खेळाडूची काय टाप उलट बोलायची! स्पर्स इतकी वर्षं वर राहिले त्याचं अर्धं कारण मला तरी हेच वाटतं.

2013 मात्र आठवलं की अजून त्रास होतो. मायामीविरुद्धच्या फायनलच्या सहाव्या मॅचमध्ये अगदी शेवटी हातातली ट्रॉफी हिसकावणारा रे ॲलनचा तो थ्री (तीन पॉइंटचा शॉट), आणि सातव्यात शेवटच्या मिनिटात बास्केटजवळ डंकनचा सोपा शॉट हुकला, परत बोटांनी ढकलला तोही हुकला, मग त्यानं डिफेन्सला येताना दोन्ही हात जमिनीवर आपटले. जो माणूस चेहऱ्यावर काही दाखवत नाही म्हणतात त्याचे ते हात बघा एकदा. वय 37. दुसरा कोणी असता तर तिथंच थांबला असता. पुढच्या वर्षी परत तीच मायामी, आणि स्पर्सनं 4-1 नं हरवलं, जिंकलेली प्रत्येक मॅच 15 किंवा जास्त पॉइंटनी.

2016 च्या जुलैमध्ये रिटायर झाला, ना निरोपाचा दौरा ना काही, टीमनं एक प्रेस रिलीज काढलं. 1392 मॅच आणि त्यातल्या 1001 जिंकलेल्या, हे फक्त रेग्युलर सीझनचं. 2019-20 ला एक सीझन पॉपोविचचा असिस्टंट कोच म्हणून परत बाकावर बसला, तेव्हा खूप बरं वाटलं होतं.

ज्यांनी त्याला फक्त क्लिपमध्ये बघितलंय त्यांनी ती 2003 ची मॅच अख्खी बघा. बॉल त्याच्या हातात नसताना तो कुठं उभा राहतो, कोणासाठी स्क्रीन लावतो (डिफेंडरची वाट अडवतो), मदतीला कधी धावतो ते बघा, आणि मग बोर म्हणायचं का ते ठरवा.